पालखेडचा फलक लिहिण्याआधी

प्रति,
राज्य पुरातत्त्व विभाग, पर्यटन विभाग, शालेय इतिहासाचा अभ्यासक्रम आखणारी मंडळी. तसेच वैजापूर परिसरातील ग्रामपंचायती, शाळा आणि इतिहासप्रेमी मंडळे

विषय : पालखेडच्या मोहिमेची ३०० वर्षे आणि त्यानिमित्त लिहिला जाणारा मजकूर

सप्रेम नमस्कार.

थोरल्या बाजीराव पेशव्यांनी निजामाला कोंडून तह करायला लावला त्या पालखेडच्या मोहिमेला फेब्रुवारी २०२८ मध्ये ३०० वर्षे पूर्ण होतील. त्यानिमित्ताने फलक लागतील, स्मरणिका निघतील, शाळांच्या सहली येतील, कुठे भिंतीवर चित्र रंगेल, कुठे पुतळ्याची मागणी होईल. हे सगळे व्हायलाच हवे. पण पालखेडविषयी आज जो मजकूर सर्रास फिरतो, तोच उचलून दगडात कोरला गेला तर पुढच्या दोन पिढ्या तोच वाचत राहतील. म्हणून निविदा निघण्याआधी आणि कारागिराच्या हाती कागद पडण्याआधी हे पत्र लिहीत आहोत.

आमची मागणी एकच आहे. पालखेड एका दिवसाची लढाई म्हणून न सांगता सहा महिन्यांची मोहीम म्हणून सांगा. तिथे तलवारीला तलवार भिडून निकाल लागलेला नाही. निकाल लागला तो वैरण, पाणी, नदीचे उतार म्हणजे नदी ओलांडण्याच्या जागा, आणि तोफांचे ओझे यांच्या हिशेबावर. तो हिशेब फलकावर आला नाही, तर उधळलेल्या घोड्याचे आणखी एक चित्र तेवढे उभे राहील.

सुरुवात गावापासून करावी लागेल, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. पालखेड म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नाशिक जिल्हा येतो. दिंडोरी तालुक्यात कादवा नदीवर पालखेडचे धरण आहे, त्याच्या कालव्याचे नाव रोज बातम्यांत असते. त्यामुळे ‘नाशिकजवळील पालखेड’ असे छापलेले सर्रास सापडते. युद्धाचे पालखेड ते नव्हे. ते वैजापूर तालुक्यात, वैजापूरच्या पूर्वेला साधारण १२ मैलांवर, तेव्हाच्या औरंगाबादच्या वाटेवर आहे. हा फरक किरकोळ नाही. नाशिकजवळचे पालखेड धरले तर मोहिमेचा शेवट समजतच नाही. निजाम पुण्याकडून औरंगाबाद वाचवायला धावत होता. तो दिंडोरीला कशाला जाईल? वैजापूरचे पालखेड नकाशावर ठेवले की पुणतांब्याचा गोदावरीचा उतार, पालखेड आणि औरंगाबाद एका वाटेवर येतात आणि सगळे स्पष्ट होते.

असेच दुसरे सरसकट लिहिले जाणारे वाक्य म्हणजे ‘हैदराबादच्या निजामाचा पराभव’. १७२८ मध्ये निजाम-उल-मुल्क आसफजाह याची गादी औरंगाबादेत होती. राजधानी हैदराबादला गेली ती १७६३ मध्ये, त्याच्या मुलाच्या, निजाम अलीच्या काळात. आसफजाहची कबरही खुलदाबादला आहे, हैदराबादला नाही. फलकावर ‘हैदराबाद’ लिहिले की वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, की औरंगाबादवर चाल केल्याने निजामाचे एवढे काय बिघडणार होते? त्याचे घर, खजिना, कारभार, दख्खनच्या सुभेदारीचा मान हे सगळे औरंगाबादेत होते. बाजीरावांची सगळी खेळी याच एका गोष्टीवर बेतलेली होती.

भांडण कशाचे होते हेही दोन ओळींत नीट सांगता येते. १७१९ मध्ये बाजीरावांचे वडील, पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी दिल्लीहून सनदा आणल्या. दख्खनच्या सहा सुभ्यांतून, म्हणजे खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, हैदराबाद आणि विजापूर येथून, शाहू छत्रपतींना चौथ म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा हिस्सा घेण्याचा अधिकार मिळाला. त्या बदल्यात १५,००० घोडदळ चाकरीला ठेवायचे आणि मुलुखात बंदोबस्त राखायचा, अशी बोली होती. निजामाने ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्ड्याला मुबारिजखान या मुघल सरदाराला मारून दख्खन आपल्या हाती घेतले, तेव्हा मराठे त्याच्याच बाजूने होते. तीनच वर्षांत त्याने पवित्रा बदलला. कोल्हापूरचे संभाजी (राजाराम महाराजांचे पुत्र, शाहूंचे चुलत भाऊ) आणि साताऱ्याचे शाहू यांपैकी खरा धनी कोण ते आधी ठरू द्या, मग चौथ देऊ, असे म्हणून त्याने शाहूंच्या कमाविसदारांना, म्हणजे वसुली अधिकाऱ्यांना, उठवून लावले. वसूल थांबला. युद्ध त्यावरून पेटले.

इथे आमची कळकळीची विनंती आहे. फलक लिहिताना दोन धर्मांचे सैन्य समोरासमोर उभे करू नका. निजामाच्या बाजूला कोल्हापूरचे संभाजी छत्रपती होते, चंद्रसेन जाधव आणि रावरंभा निंबाळकर हे मराठा सरदार होते. हा वसुलाच्या हक्काचा आणि मराठ्यांच्या गादीच्या वारशाचा झगडा होता. निजामाने मराठ्यांच्या घरातली फूट ओळखली आणि तिच्यावर डाव लावला. पालखेड समजून घ्यायचे तर ही फूट झाकून चालणार नाही. ती आपल्याला अवघड वाटते म्हणून गाळली, तर बाजीरावांनी नेमका कोणता धोका परतवला हेच कळणार नाही.

आता मार्ग. शाळेत हा धडा शिकवायचा असेल तर आधी महाराष्ट्राचा कोरा नकाशा घ्या आणि त्यावर फक्त नद्या काढा : भीमा, गोदावरी, पूर्णा, पैनगंगा, तापी, नर्मदा. मग सातमाळा-अजिंठ्याची रांग काढा. गावे त्यानंतर. उलट क्रमाने केले की विद्यार्थी ठिपके जोडत बसतात आणि फौज तिकडूनच का गेली ते त्यांना उमगत नाही.

१७२७ चा पावसाळा सरत असताना बाजीराव निघाले. पावसात काळ्या मातीत तोफेचे चाक रुतते, नद्या दुथडी असतात. म्हणून मोहिमा दसऱ्याच्या सुमारास सुरू होत. ५ नोव्हेंबरला जालन्याजवळ निजामाचा सरदार ऐवजखान याच्या फौजेशी त्यांची चकमक झाली. ती त्यांनी लांबवली नाही. तिथून सिंदखेड, माहूर, मंगरूळ, वाशीम असा भाग तुडवत त्यांनी बऱ्हाणपूर लुटणार अशी हूल उठवली. निजाम आणि ऐवजखान बऱ्हाणपूर सांभाळायला धावले. बाजीराव मात्र खानदेशातून पश्चिमेला वळले, कोकरमुंड्याला तापी ओलांडून गुजरातेत उतरले आणि भडोचपर्यंत गेले. गुजरातचा मुघल सुभेदार सरबुलंदखान याच्या सुभ्यात शिरलेल्या मराठ्यांच्या मागे लागणे निजामाला परवडणारे नव्हते. त्याने विचार केला, की पेशव्याच्या घराला आग लावली की तो आपसूक मागे येईल, आणि तो पुण्यावर चालून गेला.

या मार्गावर नावांचे सापळे आहेत, ते आधीच टाळा. मोहिमेतले सिंदखेड म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातले सिंदखेड राजा. धुळे जिल्ह्यातले शिंदखेडा वेगळे. आणि गंमत म्हणजे परतीच्या वाटेवर १४ फेब्रुवारी १७२८ रोजी बाजीरावांचा मुक्काम असलेले खानदेशातले बेटावद नकाशावर शोधले तर शिंदखेडा तालुक्यात पांझरेच्या काठी एक आणि जामनेर तालुक्यात दुसरे, अशी बेटावदे दिसतात. भडोचहून परतताना पांझरेकाठचे बेटावद वाटेवर येते. कोकरमुंडा आज गुजरातच्या तापी जिल्ह्यात आहे, म्हणून नुसत्या महाराष्ट्राच्या नकाशावर तो सापडणार नाही. नकाशाची पश्चिम कड भडोचपर्यंत वाढवून घ्या. संगणकावर गावाचे नाव टाकून जो पहिला ठिपका येईल तो उचलणारा चित्रकार अशा ठिकाणी फसतो आणि मग बाजीरावांची फौज विनाकारण झिगझॅग पळताना दिसते.

वेगाबद्दलही बोलायला हवे. ‘विजेच्या वेगाने’, ‘वाऱ्याच्या वेगाने’ हे शब्द पालखेडला चिकटून बसले आहेत. नकाशावर मोजून पाहा. जालना, माहूर, वाशीम, कोकरमुंडा, भडोच, बेटावद हे बिंदू सरळ रेषांनी जोडले तर अंतर साधारण हजार किलोमीटर भरते. ५ नोव्हेंबर ते १४ फेब्रुवारी हे दिवस १०१. म्हणजे सरळ रेषेत रोजची सरासरी दहा किलोमीटर. वळणे, घाट, उतार धरले तर पंधराच्या आसपास. सरासरीत मुक्कामाचे दिवसही आले, एकेका दिवसाची मजल याहून कितीतरी मोठी असणार. तरी सांगायचा मुद्दा असा की केवळ घोडा दौडवल्याने ही मोहीम जिंकली गेली नाही. बाजीरावांच्या फौजेला सडकेची गरज नव्हती, हे तिचे खरे बळ. तोफा नाहीत, बुणगे म्हणजे लष्करामागची बिनलढाऊ माणसे नाहीत, तंबूंची गाडी नाही. त्यामुळे आज पूर्वेला निघालेली फौज उद्या पश्चिमेला वळू शकत होती. गाड्यांवर चालणाऱ्या फौजेला तेवढेच वळण घ्यायला दोन-चार दिवस जात, कारण आघाडीची तोफ वळवायची तर मागचा सगळा काफिला थोपवावा लागे.

आणि याहून मोठी गोष्ट वैरणीची. एका घोड्याला दिवसाला साधारण दहा किलो कोरडी वैरण लागते, दाणागोटा वेगळा. दहा हजार घोड्यांना रोज शंभर टन. पाठीवर शंभर-सव्वाशे किलो ओझे घेणारे बैल धरले, तर नुसत्या एका दिवसाच्या वैरणीला आठशे ते हजार बैल. एवढे ओझे कोणतीच फौज बरोबर नेत नसे. रोज सकाळी कही बाहेर पडे, म्हणजे शिवारांतून कडबा, गवत, धान्य गोळा करायला निघालेली टोळी, आणि ती जे आणील त्यावर लष्कर जगे. आता पुढे चालणारी फौज ज्या गावांतून वैरण उचलून गेली, त्याच गावांतून पाठलाग करणाऱ्याला जायचे आहे. त्याच्या कहीला रिकामी गंजी मिळते. ती आणखी लांब जाते, पांगते आणि तिच्यावर छापा पडतो. पाठलाग करणारा दर मुक्कामाला थोडा थोडा अशक्त होत जातो. निजामाची फौज बाजीरावांच्या मागे फिरून दमली असे पुस्तकांत एका वाक्यात येते. ते दमणे म्हणजे प्रत्यक्षात हे होते. शाळेत हा गुणाकार मुलांकडून करून घ्या. इतिहासाच्या तासाला गणित आले म्हणून काही बिघडत नाही, उलट एकदा शंभर टनांचा आकडा हाताने काढलेला मुलगा पालखेड विसरणार नाही.

पुण्याची बाजू मात्र विसरू नका, आणि ही गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. निजाम पुण्यात शिरला. लोहगड, चिंचवड, सुपे, पाटस, बारामती हा सगळा टापू त्याच्या फौजेखाली आला. संभाजींना पुण्यात आणून छत्रपती म्हणून पुढे केले गेले आणि पुण्यावर निजामाचा अंमलदार फाजलबेग नेमला गेला. साताऱ्यात शाहू महाराजांची चिंता वाढत होती. बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा त्या बाजूला ठेवले होते. अशा वेळी बाजीराव पुण्याकडे वळले नाहीत. त्यांनी आपला मुलुख जळू दिला आणि शत्रूच्या घराचा रस्ता धरला. हा निर्णय थोर होता असे आम्ही मानतो. पण त्याची किंमत भीमा-नीरेच्या काठच्या कुणब्याने, उभ्या रब्बीने आणि गोठ्यातल्या बैलाने मोजली. विजयाच्या फलकावर त्या रयतेला एक ओळ मिळालीच पाहिजे. ती ओळ लिहिल्याने बाजीरावांचे मोठेपण तसूभर कमी होत नाही. किती अवघड निर्णय त्यांनी घेतला ते उलट दिसते.

आणखी एक : त्या काळचे पुणे दाखवताना शनिवारवाडा काढू नका. त्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला. १७२७ चे पुणे म्हणजे एक कसबा. शिंदे-होळकर तेव्हा ग्वाल्हेर-इंदूरचे संस्थानिकही नव्हते. राणोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर हे पेशव्यांच्या फौजेतले नव्याने पुढे येणारे सरदार होते. बाजीराव २७ वर्षांचे, निजाम ५६ वर्षांचा, औरंगजेबाच्या हाताखाली तयार झालेला. चित्रकाराला एवढे आधी सांगितले तर पिकल्या मिशांचे बाजीराव आणि त्यांच्या मागे तोफांची रांग ही दोन्ही टळतील.

बेटावदहून बाजीराव औरंगाबादच्या रोखाने निघाले. ही खबर लागताच निजामाला पुणे सोडावे लागले. इथे त्याच्या हातून ती चूक झाली जिच्यावर सगळे फिरले : लवकर पोहोचण्यासाठी त्याने जड तोफखाना मागे ठेवला. मोकळ्या मैदानात मराठ्यांच्या घोडदळाला लांब ठेवणारे साधन त्याच्याजवळ तेवढेच होते. पुणतांब्याजवळ गोदावरी ओलांडून तो उत्तरेला आला आणि पालखेडच्या परिसरात फेब्रुवारीच्या अखेरीस चहूबाजूंनी कोंडला गेला.

ही कोंडी कशी चालते, ते फलकाच्या वाचकाला समजेल असे सांगता येते. हा मुलुख पर्जन्यछायेचा. फेब्रुवारी सरत आला की ओढे आटतात, पाणी विहिरींत आणि नदीच्या डोहांत उरते. आता एक नमुन्याचा हिशेब करा. वीस हजार घोडी, दिवसाला प्रत्येकी ३० लिटर, झाले सहा लाख लिटर. चाळीस हजार माणसे, पिण्या-रांधण्यापुरते ५ लिटर धरले तर दोन लाख. पाच हजार बैल, ३५ लिटरने पावणेदोन लाख. हत्ती निराळे, एकेकाला दीडशे लिटर. म्हणजे दहा लाख लिटरच्या घरात. मोटेत एका खेपेला दीडशे लिटर पाणी येते असे धरले आणि तासाला चाळीस खेपा, दिवसाचे आठ तास मोट चालली, तर एक विहीर पन्नास हजार लिटरच्या आत देते, तेही तिच्यात तेवढे पाणी असेल तर. अशा वीस-बावीस विहिरी दिवसभर ताब्यात हव्यात. वेढा घालणाऱ्याने सगळ्या विहिरी बुजवायची गरज नाही. अर्ध्या हातच्या गेल्या तरी तिसऱ्या दिवशी घोडी मान टाकतात, आणि घोडी गेली की घोडदळ म्हणजे नुसती गर्दी.

असा वेढा फसतो तोही दोन कारणांनी. कडे फार जवळ घातले तर आतल्या हलक्या तोफा आणि बंदुका मारा करतात. फार दूर घातले तर रात्री पाण्याच्या पखाली आणि धान्याचे बैल फटीतून आत जातात. म्हणून तोफेच्या टप्प्याबाहेर राहून घोडदळाच्या टोळ्या आळीपाळीने फिरत्या ठेवाव्या लागतात, रात्री छबिना म्हणजे फिरता पहारा दुप्पट करावा लागतो, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कहीला गाठावे लागते. शिवाय वेढा घालणाऱ्याची घोडीही तितकेच पाणी पितात. त्यांना मागे मोकळा मुलुख लागतो. बाजीरावांच्या पाठीशी तो होता, निजामाला तो नव्हता. मल्हारराव आणि राणोजी यांचे या मोहिमेतले काम हे असे, चिकाटीचे आणि दिवस-रात्र चालणारे होते. चित्रात ते कमी झळकते, पण पालखेडची करामत त्यातच आहे.

शेवटी ऐवजखानामार्फत बोलणी झाली. निजामाला पाण्याच्या जागी हलायला वाट दिली गेली आणि ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगाव येथे तह झाला. मुंगी हे गोदाकाठचे गाव शेवगाव तालुक्यात आहे. सहल न्यायची तर पालखेड आणि मुंगी दोन्ही एका दिवसात बसवता येतात, मात्र पालखेड सकाळी घ्या, कारण दुपारच्या उन्हात उघड्या माळावर मुले ऐकत नाहीत.

तहाबद्दल फुगवून लिहू नका. निजामाने शाहूंचा चौथ आणि सरदेशमुखीचा हक्क मान्य केला, थकबाकी देण्याचे कबूल केले, उठवलेले कमाविसदार पुन्हा बसू दिले आणि कोल्हापूरच्या संभाजींचा पाठिंबा सोडला. तो सुभेदार राहिला, त्याचा मुलुख त्याच्याकडे राहिला. ‘निजामशाही संपवली’ अशी वाक्ये फलकावर आली तर जाणता वाचक बाकीचा मजकूरही खोटा समजेल. (आसफजाहच्या घराण्याला निजामशाही म्हणून अहमदनगरच्या निजामशाहीत मिसळून टाकणे ही तर आणखीच वेगळी गफलत, आणि ती छापील स्मरणिकांत दिसते.) तहाचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. मराठ्यांच्या दोन गाद्यांपैकी कोणाशी व्यवहार करायचा हा प्रश्न निजामाच्या हातून निसटला. पुढे १७३१ मध्ये वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर यांच्या हद्दी ठरल्या. निजामाने वैर सोडले नाही. डिसेंबर १७३७ मध्ये भोपाळला तो पुन्हा बाजीरावांसमोर आला, या वेळी तोफा घेऊन, आणि पुन्हा रसदेवाचून कोंडला गेला. जानेवारी १७३८ मध्ये दोराहासराईला त्याला दुसरा तह करावा लागला. दोन्ही कोंड्या शेजारी ठेवून शिकवल्या तर मुलांना बाजीरावांची पद्धत कळेल, नाहीतर पालखेड हा एक योगायोग वाटत राहील.

तारखेचा प्रश्न येणारच. पुस्तकांत २५ फेब्रुवारी आणि २८ फेब्रुवारी अशा दोन्ही तारखा आहेत. वेढा काही दिवस चालणारी गोष्ट असल्याने एकच तारीख ‘लढाईचा दिवस’ म्हणून कोरण्यात अर्थ नाही. ‘फेब्रुवारी १७२८’ लिहा आणि तहाची तारीख द्या. शिवाय त्या काळच्या तारखा बऱ्याच ग्रंथांत जुन्या ज्युलियन पद्धतीच्या असतात. अठराव्या शतकात आजच्या पद्धतीशी त्यांचा ११ दिवसांचा फरक पडतो. शिवराज्याभिषेकाचा ६ जून असाच आजच्या पद्धतीने १६ जूनला येतो (सतराव्या शतकात हा फरक १० दिवसांचा होता). विजयदिन कधी साजरा करायचा हे गावाने ठरवावे, पण एका गावाने २५, दुसऱ्याने २८ आणि तिसऱ्याने मार्चमधली तारीख धरून भांडत बसू नये, यासाठी हे आधी सांगितलेले बरे.

आता प्रत्यक्ष फलक. ‘हीच ती रणभूमी’ असे म्हणून एका जागी चौथरा बांधू नका. हजारो घोड्यांची छावणी काही चौरस किलोमीटरवर पसरते. तिचा एक बिंदू नसतो. त्याऐवजी गावाच्या वेशीजवळ, शाळेजवळ आणि रस्त्याच्या फाट्यावर असे तीन फलक करा. पहिल्यावर मोहिमेचा नकाशा, दुसऱ्यावर पाणी आणि वैरणीचा हिशेब, तिसऱ्यावर तह. सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावरून परिसरातले ओढे, जुन्या विहिरी, बारवा यांची नोंद गावातल्या जाणत्यांना बरोबर घेऊन करा. आजचे कालवे, शेततळी आणि कूपनलिका त्या नकाशातून वजा करा. नांदूर-मधमेश्वरचे कालव्याचे पाणी दाखवून १७२८ ची कोंडी समजावता येणार नाही.

सहा फूट रुंद, चार फूट उंच फलकावर दीडशेपेक्षा जास्त शब्द वाचले जात नाहीत. उभ्याने दोन मीटरवरून वाचायचे तर अक्षराची उंची बारा-पंधरा मिलिमीटरपेक्षा कमी नको. फ्लेक्स एका उन्हाळ्यात विरतो, पत्र्यावरचा रंग दोन-तीन वर्षांत उडतो. दगडात कोरायचे असेल तर मजकूर छापील कागदावर नव्हे, अक्षरांच्या बाह्यरेषांच्या फाइलमध्ये द्या, कारण कोरणाऱ्या यंत्राच्या जुन्या फाँटमध्ये रफार आणि जोडाक्षरे फुटतात. ‘बऱ्हाणपूर’ आणि ‘वऱ्हाड’ हे दोन शब्द हमखास बिघडतात; कोरण्याआधीचा नमुना तपासताना आधी तेच पाहा.

पहिल्या फलकासाठी आम्ही एक मसुदा सुचवतो. तो जसाच्या तसा घ्या किंवा सुधारून घ्या :

‘पालखेड, फेब्रुवारी १७२८. दख्खनच्या सहा सुभ्यांतील चौथ आणि सरदेशमुखीच्या हक्कावरून छत्रपती शाहू आणि दख्खनचा सुभेदार निजाम-उल-मुल्क यांच्यात १७२७ मध्ये युद्ध सुरू झाले. पेशवे बाजीराव बल्लाळ यांनी जालना, माहूर, वाशीम, खानदेश ते भडोच अशी फौज फिरवली. निजाम पुण्यावर गेला. भीमा-नीरेकाठच्या गावांची धूळधाण झाली, तरी बाजीराव पुण्याकडे न वळता निजामाच्या औरंगाबादवर निघाले. औरंगाबाद वाचवण्यासाठी निजाम जड तोफा मागे ठेवून गोदावरी उतरून आला आणि या परिसरात पाणी व रसद तुटून कोंडला गेला. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगाव येथे तह झाला आणि शाहूंचा हक्क निजामाने मान्य केला.’

हा मसुदा एका फलकात आरामात बसतो आणि नकाशाला निम्मी जागा उरते. फलकाचा मजकूर अंतिम होण्याआधी तो महिनाभर ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर आणि तालुक्यातल्या शाळांत लावावा, हरकती लेखी मागवाव्यात आणि प्रत्येक हरकतीला उत्तर द्यावे, अशी आमची विनंती आहे. नकाशा तपासायला, हिशेब मांडून द्यायला आणि कोरलेला नमुना ओळ न ओळ वाचायला आम्ही विनामूल्य येऊ.

आपले,
मराठा काळातील युद्धमोहिमांचे काही अभ्यासक